गंजलेली वाकिझाशी: ओळख पटवण्यापासून पॉलिशपर्यंत

जुनी जपानी तलवार हाती आली की सगळ्यात आधी स्वतःचे हात आवरायचे. गंज दिसला की माणूस पॉलिश पेपर, चिंच, लिंबू, ब्रासो असं काहीतरी शोधायला लागतो, आणि चारशे वर्षांत पात्याचं जे बिघडलं नाही ते एका दुपारीत बिघडवून बसतो. हे टिपण एका वाकिझाशीच्या कामाचं आहे. ती ओकायामा प्रांतातल्या एका जुन्या घराच्या कोठारातून निघाली. मूठ आणि म्यान जागच्या जागी होतं, पण मुठीची वीण कुजलेली, म्यानावरच्या लाखेला तडे गेलेले आणि पातं म्यानात घट्ट अडकलेलं.

वाकिझाशी म्हणजे आखूड तलवार. जपानी मोजणीत एक शाकु म्हणजे 30.3 सेंटिमीटर. त्याहून आखूड पातं तांतो, एक ते दोन शाकु वाकिझाशी आणि दोन शाकुंच्या वर काताना. ही लांबी टोकापासून पाठीकडच्या खाचेपर्यंत सरळ रेषेत मोजतात, वाकाच्या बाजूने नाही. पातं जिथे संपून मुठीत जाणारा भाग सुरू होतो, तिथे धारेकडे आणि पाठीकडे एकेक खाच असते. तिला माची म्हणतात. मुठीत जाणारा भाग म्हणजे नाकागो. पुढचं सगळं या दोन शब्दांभोवती फिरतं.

पात्याला हात लावण्याआधी कागदपत्रं. जपानमध्ये घरात तलवार सापडली तर ती आहे तशी ठेवून त्या भागाच्या पोलीस ठाण्यात सापडल्याची नोंद द्यावी लागते. पोलीस तसा दाखला देतात. तो घेऊन प्रांताच्या शिक्षण मंडळाच्या तपासणीच्या दिवशी तलवार न्यायची. तिथले परीक्षक लांबी, वाक, नाकागोवरच्या भोकांची संख्या आणि कोरलेली सही नोंदवतात आणि 6,300 येन शुल्क घेऊन नोंदणीपत्र देतात. हे पत्र माणसाच्या नव्हे, तलवारीच्या नावाचं असतं आणि ते कायम तिच्याबरोबर राहतं. पत्र हातात पडलं की तिथेच उभं राहून आकडे आणि सहीची अक्षरं ताडून पाहावीत. पुढे विकताना किंवा परदेशी पाठवताना पत्रावरची लांबी आणि प्रत्यक्षातली लांबी जुळली नाही तर सगळं अडतं. पारंपरिक पद्धतीने घडवलेल्या पात्यांचीच नोंदणी होते. दुसऱ्या महायुद्धातली कारखान्यात काढलेली लष्करी पाती परीक्षक नाकारतात आणि ती परत मिळत नाहीत.

या व्यवस्थेमागे 1945चा पराभव आहे. दोस्तांच्या फौजांनी तलवारी जमा करायला लावल्या, त्यातल्या पुष्कळ नष्ट झाल्या. कलावस्तू म्हणून जुन्या पात्यांना वाचवायचं तर नोंदणी हवी, म्हणून 1950-51 मध्ये ही पद्धत सुरू झाली. सध्याचा कायदा 1958चा. ओकायामा म्हणजे जुन्या बिझेन प्रांताचा मुलूख, आणि 1946-47 मध्ये तिथे आणि शिमाने भागात राष्ट्रकुलाच्या फौजेतली भारतीय तुकडी तैनात होती. तिच्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन होती. आपल्याकडच्या एखाद्या फौजी घराण्यात जपानी पातं निघालं तर त्याच्यामागे ब्रह्मदेशातली शरणागती असू शकते, तशीच ही तैनातीही असू शकते. भारतात 9 इंचांहून लांब पातं शस्त्र कायद्याच्या कक्षेत येतं, तेव्हा तिथेही पहिली चौकशी पोलिसांच्या परवाना शाखेत.

आता पातं बाहेर काढणं. म्यानात अडकलेलं पातं ओढून काढायचं नाही. गंजाचे पोपडे आतल्या लाकडाला रुतलेले असतात. जोर लावला तर ते पात्यावर चरे ओढत येतात, किंवा म्यान फाटून तळव्यातून धार बाहेर येते. म्यान नेहमी पाठीकडून धरावं, बोटं धारेच्या बाजूला कधीच नसावीत. आम्ही म्यान उभं धरून तोंडातून पातळ खनिज तेलाचे थेंब पाठीच्या कडेने सोडले, तसंच राहू दिलं, आणि पुढचे काही दिवस तेच पुन्हा केलं. मग दोन्ही अंगठ्यांनी त्सुबा, म्हणजे मुठीपुढची तबकडी, म्यानाच्या तोंडापासून दूर रेटत गेल्यावर पातं एकेक मिलिमीटर सुटलं. उपसताना धार वर, पाठ म्यानाच्या लाकडावर टेकलेली. असं केलं की धार आत कुठे घासत नाही.

मूठ पात्याला एकाच खुंटीने धरून ठेवते. ती मेकुगी. ती बांबूची असते आणि एका टोकाला किंचित निमुळती, त्यामुळे निमुळत्या बाजूनेच ठोकून बाहेर काढायची. उलट बाजूने ठोकली तर ती आणखी घट्ट बसते आणि मुठीचं लाकूड चिरतं. या तलवारीत बांबूच्या जागी कुणीतरी लोखंडी खिळा घातला होता. हे बऱ्याच वेळा दिसतं आणि वाईटच असतं, कारण गंजलेला खिळा फुगतो आणि नाकागोच्या भोकाला चिकटतो. तेल, वेळ आणि पितळी हातोडीचे हलके ठोके, एवढंच चालतं. ड्रिल लावलं तर भोकाची मूळ कड जाते, आणि तीच कड पुढे वय सांगते: जुनी भोकं छिन्नीने पाडलेली, जरा वेडीवाकडी असतात, तर नंतर पाडलेली भोकं गोल आणि काटेकोर असतात.

खिळा निघाल्यावरही मूठ हलली नाही. सुटी मूठ असेल तर ती एका हातात तिरपी उभी धरून त्या मनगटावर दुसऱ्या हाताची मूठ हाणली की नाकागो वर सरकतो. अडकलेल्या मुठीला लाकडी ठोकळा लागतो. नाकागोच्या रुंदीची खाच असलेला ठोकळा पात्यावर बसवून त्सुबाजवळच्या पातळ चकत्यांना टेकवायचा आणि लाकडी हातोडीने एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला ठोके द्यायचे. चकत्यांना सेप्पा म्हणतात. त्या तांब्याच्या असतात आणि थेट हातोडीने वाकतात. पातं व्हाइसमध्ये आवळून मूठ खेचणारे लोक आहेत. त्यांच्या हाती शेवटी वाकडं पातं आणि दुभंगलेली मूठ येते. सुटे झालेले भाग निघाले त्या क्रमाने फोटो काढून मांडून ठेवावेत: मूठ, मागची सेप्पा, त्सुबा, पुढची सेप्पा. सेप्पा दिसायला सारख्या असल्या तरी जागा बदलली की मूठ डुगडुगते.

नाकागो उघडा झाला आणि खरं वाचन सुरू झालं. इथला गंज साफ करायचा नाही. बाकी सगळं विसरलं तरी चालेल, हे विसरू नये. पातं दर काही पिढ्यांनी घासलं जातं, पण नाकागो कुणी घासत नाही. त्यामुळे लोहाराने कानस चालवून तो सोडला त्या दिवसापासूनचा गंज त्याच्यावर साठत जातो. शेकडो वर्षांचा गंज काळपट तपकिरी, गुळगुळीत आणि घट्ट असतो, बोट फिरवलं तर पावडर येत नाही. नारिंगी, भुरभुरीत गंज नवा असतो. नकली तलवारीवर आम्लाने आणलेला गंज सगळीकडे एकाच रंगाचा असतो आणि कानशीच्या रेघांच्या तळात उतरलेला नसतो. नाकागो वायर ब्रशने चकचकीत केलेली तलवार बाजारात खूप कमी किमतीची होते, आणि तिच्याबद्दल जाणकाराला खात्रीने काही सांगताही येत नाही. आम्ही फक्त तेलाने ओलसर केलेल्या सुती कापडाने धूळ आणि मुठीतलं कुजकं लाकूड पुसलं.

टोक वर आणि धार आपल्या डावीकडे धरली की समोर येते ती काताना-वाकिझाशीची दर्शनी बाजू. सही साधारण तिथे असते. अंधाऱ्या खोलीत टॉर्च नाकागोला जवळजवळ समांतर धरून फोटो काढले. अक्षरं बुजलेली असतील तर थोडी टॅल्कम पावडर बोटाने फिरवून वरची पुसून घ्यावी, ती खोलगट रेघांत राहते आणि अक्षर उठून दिसतं. काम झालं की ती मऊ ब्रशने काढून टाकावी, कारण पावडर ओलावा धरते. सहा जपानी अक्षरं निघाली: बिशू ओसाफुने सुकेसादा. बिशू म्हणजे बिझेन, ओसाफुने हे तिथलं गाव आणि सुकेसादा हे लोहाराचं नाव. मागच्या बाजूला तारीख होती. एइरोकु हे युगनाम स्पष्ट होतं, खाली आठवा महिनाही वाचता आला, पण मधला वर्षाचा आकडा गेलेला होता. कधीतरी नवी मूठ बसवताना कुणीतरी दुसरं भोक नेमकं त्याच अक्षरातून पाडलं होतं. भोकाच्या कडेला आकड्याच्या एका आडव्या रेघेचं टोक तेवढं उरलं आहे. एइरोकु युग 1558 ते 1570. बिझेनचे लोहार तारखेत बहुधा दुसरा किंवा आठवा महिनाच घालत, त्यामुळे महिन्यावरून काही ठरत नाही.

सुकेसादा हे नाव पाहून हुरळून जायचं कारण नाही. पंधराव्या-सोळाव्या शतकात, यादवीच्या काळात, ओसाफुने गावात या नावाने कितीतरी लोहार काम करत होते आणि फौजांसाठी पाती ढिगाने घडवत होते. या ढिगातल्या कामाला काझुउची म्हणतात. एक खूण उपयोगी पडते. खास मागणीवरून केलेल्या पात्यावर सही लांबलचक असते: "बिझेन नो कुनी जू ओसाफुने" असा पूर्ण पत्ता आणि पुढे लोहाराचं व्यक्तिनाव, जसं योसोझाएमोन नो जो सुकेसादा. आखूड "बिशू ओसाफुने सुकेसादा" ही बहुतेक वेळा रोजच्या कामावरची सही. आपली दुसऱ्या प्रकारची आहे. आमच्या मते यात उणेपणा काही नाही. ही पाती लढाईत वापरण्यासाठी होती आणि त्यांच्यात घडणीचा प्रामाणिकपणा असतो. पण किंमत आणि खर्च ठरवताना हा फरक डोळ्यांपुढे हवा.

सही खोटी असू शकते, जपानी तलवारींत तर ती सर्रास असते. म्हणून सहीवर शेवटी विश्वास ठेवायचा, पात्यावर आधी. सहीच्या रेघांच्या तळातला गंज आजूबाजूच्या गंजाच्याच वयाचा आहे का, छिन्नीने रेघेच्या कडेला उचललेली बारीक कड झिजून गुळगुळीत झाली आहे का, अक्षरांच्या खालून कानशीच्या तिरक्या रेघा सलग जातात का, हे भिंगातून पाहिलं. तिन्ही जुळलं. नाकागोचं टोक चेस्टनटसारखं गोलसर होतं, ते बिझेनच्या रिवाजाला धरून आहे. टोक सरळ छाटलेलं असतं तर लांब तलवार आखूड केल्याची शंका आली असती. त्या प्रकारात सही बहुधा छाटलेल्या तुकड्याबरोबर जाते.

नाकागोवर मशीनने छापलेले आकडे किंवा माचीजवळ छोटा शिक्का दिसला तर ते विसाव्या शतकातलं लष्करी पातं समजावं. अलीकडच्या नकला वेगळ्या ओळखू येतात: माची धड कापलेली नसते, हामोन, म्हणजे धारेलगतची पाण्याची सीमारेषा, आम्लाने काढलेला, भिंगाखाली सपाट आणि दुधी दिसतो, आणि टोकाजवळची आडवी रेघ, योकोते, नुसती घासून काढलेला पट्टा असते, दोन पृष्ठं जिथे भेटतात ती कड नसते.

मापं अशी आली: लांबी 51.2 सेंटिमीटर, म्हणजे 1 शाकु 6 सुन 9 बू (सुन हा शाकुचा दहावा भाग, बू हा सुनाचा). वाक 1.4 सेंटिमीटर. माचीजवळ रुंदी 2.8 आणि टोकाजवळ 1.9 सेंटिमीटर. जाडी माचीच्या लगेच वर 6.1 मिलिमीटर आणि लगेच खाली, नाकागोवर, 6.8. या शेवटच्या दोन आकड्यांत पात्याचं आयुष्य आहे. लोहाराने सोडलं तेव्हा दोन्ही जाड्या जवळजवळ सारख्या असणार. नाकागो घासला जात नाही, पातं घासलं जातं. म्हणजे आजवरच्या पॉलिशमध्ये 0.7 मिलिमीटर पोलाद गेलं, दर बाजूने साधारण 0.35. जपानी पात्याला बाहेर कठीण, घड्या घालून कमावलेल्या पोलादाची कातडी आणि आत मऊ गाभा असतो. कातडी संपली की मऊ गाभ्याचे निस्तेज ठिपके वर येतात. तेवढ्या थकलेल्या पात्याला पॉलिश करून काही मिळत नाही. या पात्यात अजून एक-दोन पॉलिशचं बळ आहे, आणि म्हणून त्यातलं एक आपल्या हातून वाया जाता कामा नये.

हामोन म्हणजे धारेला पाणी देताना पडलेली सीमारेषा. लोहार पात्यावर मातीचा लेप देतो, पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ. तापवून पाण्यात बुडवलं की पातळ लेपाखालची धार झटकन थंड होऊन अतिकठीण होते, पाठ मऊ राहते. या दोहोंमधली सीमा पोलादाच्या आतच असते, ती वरून काढलेली नक्षी नव्हे. पाहायची तर खोली अंधारी करून एकच उघडा बल्ब लावावा, ट्यूबलाइट नको. पात्याचं टोक बल्बच्या दिशेने धरून डोळ्याच्या उंचीवर आणावं आणि बल्बचं प्रतिबिंब धारेच्या कडेने सरकवत न्यावं. प्रतिबिंबाच्या अगदी किनाऱ्यालगत पांढुरकी धुक्याची पट्टी उजळते, तीच सीमा. आमच्या पात्यावर गंज नसलेल्या जागी ती लाटांसारखी वर-खाली जात होती. लाटेचा माथा दुहेरी आणि तळ मोकळा, रुंद. एइरोकुच्या सुमाराच्या बिझेन पात्याला हीच घडण साजते. म्हणजे पातं आणि सही एकच गोष्ट सांगत होती.

मग दोष. सगळ्यात जीवघेणा दोष म्हणजे हागिरे: धारेला काटकोनात, धारेपासून आत जाणारी केसासारखी चीर. ती असेल तर पातं मेलं, पॉलिशवर पैसा घालू नये. दहापट भिंगाने पूर्ण धार इंच-इंच पाहावी. शंका आली तर तिथे तेल लावून स्वच्छ पुसावं आणि जरा वेळाने पुन्हा पाहावं, चिरेतून तेलाची बारीक रेघ परत वर येते. लांबीच्या दिशेने असलेली उघडलेली घडी मात्र वेगळी. ती घडणीतली सांधलेली जागा असते आणि कुरूप असली तरी घातक नसते. आमच्या पात्यावर शिनोगीच्या, म्हणजे मधल्या कडेच्या वर अशी एक होती, साधारण 12 मिलिमीटरची. धारेला दीड मिलिमीटरचा एक तुकडा उडालेला होता, टोक 2 मिलिमीटर मोडलेलं होतं. टोकाकडे पाहताना एकच प्रश्न: हामोन टोकात वळून पाठीकडे गेला आहे ना? ते वळण शाबूत असेल तर टोक पुन्हा घडवता येतं. ते पूर्ण मोडून गेलं असेल तर नवीन टोक मऊच राहतं. शेवटी माचीजवळ हामोनपासून तिरकी वर जाणारी धूसर सावली आहे का तेही पाहिलं. ती असेल तर पातं आगीत सापडून पुन्हा पाणी दिलेलं असण्याचा संशय घ्यावा, आणि त्या पात्याच्या नाकागोचा गंजही सोललेला असतो.

एवढं कळल्यावर आपल्या हाताने करायचं काम अगदी थोडं उरतं. जुनं घट्ट तेल निर्जल अल्कोहोलने काढलं. घरगुती स्पिरिटमध्ये पाणी असतं, ते नको. मऊ टिश्यू दुमडून पाठीकडून पात्याला चिमटीत धरायचं आणि माचीकडून टोकाकडे एकाच दिशेने सरकायचं, मागे-पुढे घासायचं नाही. लाल गंज पुढे पसरू नये म्हणून पातळ खनिज तेलाचा हात दिला आणि पॉलिशवाल्याकडे जाईपर्यंत तो अधूनमधून पुसून नव्याने दिला. जपानमध्ये लवंगेचा वास घातलेलं चोजी तेल मिळतं. आपल्याकडे शिलाई मशीनचं स्वच्छ तेल चालेल, पण खोबरेल, करडई, मोहरी यांपैकी काहीही नको. ही तेलं चिकट होतात, खवट होतात आणि खालचं पोलाद खातात. दसऱ्याला शस्त्रपूजा करताना हळद-कुंकू उघड्या पात्याला लावू नये, म्यानाला लावावं. ओल्या कुंकवाच्या बोटाखाली गंजाची खोलगट जागा उरते आणि ती घालवायला आजूबाजूचं सगळं पोलाद खाली आणावं लागतं.

पॉलिशवाल्याला तोगिशी म्हणतात. तो या कामात वर्षानुवर्षे मुरलेला असतो. पूर्ण पॉलिशआधी त्याच्याकडून खिडकी उघडून घ्यावी: पात्याचा काही सेंटिमीटरचा पट्टाच शेवटपर्यंत पॉलिश करायचा आणि आत काय आहे ते पाहायचं. आमच्या खिडकीत दाट लाकडी रेषांसारखी घडणीची पोत, वर सांगितलेला हामोन आणि खोल नसलेला गंज दिसला. त्याने दर पात्याच्या लांबीवर, सुनामागे सांगितला. स्पष्ट सांगायचं तर काझुउची सुकेसादाच्या पॉलिश, हाबाकी (माचीवरचा कंठ) आणि नव्या लाकडी म्यानाचा खर्च तलवारीच्या बाजारभावाच्या आसपास किंवा वरच जातो. पैसे परत मिळतील म्हणून हे काम कुणी हाती घेऊ नये. वस्तू टिकावी म्हणून घ्यावं.

पॉलिशचे दोन भाग असतात. पहिल्या भागात पाया. पातं दगडावर फिरतं, दगड जमिनीलगतच्या उतरत्या पाटावर बसवलेला असतो आणि तोगिशी तो पायाखालच्या दांड्याने दाबून धरतो. पाण्यात थोडा सोडा असतो, म्हणजे काम चालू असताना गंज धरत नाही. सुरुवात खरखरीत दगडाने. उडालेला तुकडा काढायचा तर भोवतालची पूर्ण धार खाली आणावी लागते आणि मग पात्याचा सगळा आकार त्याप्रमाणे बसवावा लागतो, म्हणून तुकडा मोठा असला तर शहाणा तोगिशी तो थोडासा राहूही देतो. मग बिन्सुई, काइसेई, चू-नागुरा, कोमा-नागुरा आणि शेवटी क्योतोकडचा उचिगुमोरी. दगड बदलला की घासण्याची दिशाही बदलते, म्हणजे आधीच्या दगडाचा एखादा चरा उरला असेल तर तो नव्या चऱ्यांना आडवा दिसतो. चरा दिसत असताना पुढच्या दगडावर गेलं की तो शेवटपर्यंत पाठ सोडत नाही, परत मागे यावं लागतं. घरी पॉलिश पेपरने घासलेल्या पात्यांचं नेमकं इथे वाटोळं होतं. बोटाखालचा कागद कड आणि सपाटी यांत फरक करत नाही, त्यामुळे शिनोगीची कड गोल होते आणि योकोते नाहीशी होते. ती परत आणायला मिलिमीटरच्या हिशेबाने पोलाद काढावं लागतं.

दुसऱ्या भागात दगड बोटावर येतो. उचिगुमोरीचे कागदाइतके पातळ काप पातळ जपानी कागदावर लाखेने चिकटवलेले असतात. ते अंगठ्याखाली धरून हामोन उजळवतात. सपाटीसाठी नारुताकी दगडाचे काप. मग लोखंडाच्या खपल्यांची अतिबारीक पूड तेलात कालवून, गाळून, कापसाने चोळतात. त्याने सपाटी निळसर काळी होते आणि पोत उठतो. पाठ आणि शिनोगीच्या वरचा भाग पोलादी कांडीने घोटून आरशासारखा करतात. टोक सगळ्यात शेवटी, वेगळ्या दिशेने, म्हणजे योकोते लख्ख दिसते. हामोनवर पांढरी किनार चढवणारी हादोरी पद्धत आज रूढ आहे. आम्ही जुनी साशिकोमी मागितली. तीत हामोन जसा आहे तसाच राहतो. बिझेनच्या कामाला ती अधिक शोभते. फोटोत ती कमी खुलते, हातात घेऊन पाहताना खुलते.

या दोन भागांच्या मध्येच हाबाकी आणि शिरासाया करून घ्यायचे असतात. कारण पूर्ण पॉलिश झालेलं पातं कारागिराच्या हातात वारंवार आत-बाहेर झालं की ओरखडे आलेच. हाबाकी म्हणजे माचीवर बसणारा तांब्याचा कंठ. त्याच्यामुळेच पातं म्यानात अधांतरी राहतं, लाकडाला टेकत नाही. जुना हाबाकी झिजून हलत होता, तर नवा याच पात्यावर ठोकून घडवला. शिरासाया हे होनोकी लाकडाचं साधं, बिनलाखेचं म्यान. वर्षानुवर्षे वाळवलेल्या लाकडाचे दोन अर्ध आतून कोरून भाताच्या खळीने चिकटवतात. खळ मुद्दाम. आत घाण गेली की पाचर मारून म्यान दुभंगता येतं, साफ करता येतं, पुन्हा चिकटवता येतं. फेव्हिकॉल किंवा इपॉक्सी लावलं की हा मार्ग कायमचा बंद, शिवाय त्यातून सुटणारी वाफ पोलादाला बाधते.

जुना साज, म्हणजे कोशिराए, टाकला नाही. लोखंडी त्सुबाचा काळा गंज हाच तिचा रंग, तो जपायचा. लाल ठिपके तेवढे हरणाच्या शिंगाच्या तुकड्याने घासून काढले. धातूच्या ब्रशने काळा थरही जातो. मुठीचे फुची आणि काशिरा, म्हणजे पुढची-मागची टोपणं, शाकुदोची निघाली. शाकुदो म्हणजे तांब्यात थोडं सोनं घालून केलेला मिश्रधातू. त्याचा जांभळट काळा रंग रासायनिक प्रक्रियेने आणलेला असतो, ब्रासोचा एक हात फिरला की खाली तांबं. मूठ नव्याने रेशमी फितीने विणून घेतली, खालची माशाची खरखरीत कातडी जुनीच ठेवली. म्यानावरची उरुशी लाख मात्र घरी दुरुस्त करू नये. ओली उरुशी अंगावर भयंकर खाज उठवते, आणि ती वाळायला कोरडी नव्हे तर दमट हवा लागते, साधारण 70-80 टक्के आर्द्रतेची.

पातं आता शिरासायात असतं, आणि जुन्या साजात त्याच्याच मापाचं लाकडी पातं बसवलं आहे, म्हणजे सगळे भाग एकत्र राहतात. ताज्या पॉलिशचं पोलाद पहिले सहा महिने फार हळवं असतं. तेव्हा दर महिन्याला जुनं तेल पुसून नवं, अगदी पातळ. तेलाचा थेंब दिसला तर तो जास्त झाला. नंतर वर्षातून दोनदा पुरतं, मुंबई-कोकणासारख्या हवेत पावसाळ्यात दर महिन्याला. उचिको, म्हणजे दगडाच्या पुडीची पुरचुंडी, नव्या पॉलिशवर फिरवू नये, ती बारीक का होईना घासतेच. पात्यावर बोलूही नये, थुंकीचे अदृश्य कण गंजाचे ठिपके होतात.

पॉलिशनंतर तलवार निप्पोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाई या 1948मध्ये स्थापन झालेल्या संस्थेकडे परीक्षणाला देता येते. पहिला दर्जा होझोन. तो मिळाला तर सही अस्सल मानली गेली असं समजायचं, खोटी ठरली तर दाखला न देता तलवार परत येते. मालक बदलला तर 20 दिवसांच्या आत ज्या प्रांताने नोंदणीपत्र दिलं त्याच्या शिक्षण मंडळाला कळवायचं. तलवार देशाबाहेर न्यायची असेल तर सांस्कृतिक खात्याचा निर्यात दाखला आधी घ्यायचा आणि त्या वेळी नोंदणीपत्र परत करायचं.